तीन कोटेशने, तीन आकडे : सभागृहाच्या वातानुकूलनाचा हिशेब कोणी करायचा?

पत्र :

नाशिकमधील एका ज्ञातिसंस्थेची मी खजिनदार आहे. पाथर्डी फाट्याजवळ संस्थेच्या जागेवर इमारतीचे काम सुरू आहे. तळमजल्यावर सुमारे ४,००० चौरस फुटांचा भोजनकक्ष व स्वयंपाकघर, मधल्या दोन मजल्यांवर २४ खोल्यांचे अतिथिगृह आणि सर्वांत वर ५०० माणसांचे, सुमारे ६,००० चौरस फुटांचे सभागृह असे नियोजन आहे. २०२७ च्या सिंहस्थापूर्वी निदान खोल्या तरी सुरू व्हाव्यात, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. प्लिंथ झाली असून पहिला स्लॅब महिन्याभरात पडेल. सभागृह व भोजनकक्षाच्या वातानुकूलनासाठी तीन विक्रेत्यांकडून कोटेशने मागवली, त्यांत ६२, ८४ आणि ११० टन असे तीन आकडे आले. आमचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते म्हणतात की मधला आकडा धरावा. ११० टनवाले एका विश्वस्तांचे नातेवाईक आहेत. डिझाइन तिघेही फुकट देत असताना वेगळा सल्लागार नेमून संस्थेचे पैसे का घालवायचे, असे बहुतेकांचे मत आहे. सल्लागार खरोखर लागतो का? लागत असेल तर जाणकार माणूस ओळखावा कसा आणि त्याच्याकडून नेमके काय करून घ्यावे? शेवटचा प्रश्न थोडा भाबडा आहे : ए.सी. बसवल्यावर सभागृहातले पंखे ठेवावेत की काढावेत?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचल्यावर मी आधी एक साधा भागाकार करून पाहिला. सभागृह आणि भोजनकक्ष मिळून १०,००० चौरस फूट होतात. त्याला १६० ने भागले की ६२ येतात, १२० ने भागले की ८३ च्या थोडे पुढे जाते आणि ९० ने भागले की १११ येतात. इतक्या चौरस फुटांना एक टन, असा ज्याच्या त्याच्या हातचा ठोकताळा लावून तिघांनीही आकडा मांडला असावा, असा मला दाट संशय आहे. आपल्या इमारतीचे नकाशे समोर ठेवून कोणी हिशेब केला असता, तर आकडे थोडे मागेपुढे झाले असते, पण एकाचा दुसऱ्याच्या पावणेदोन पट झाला नसता. नानांचा मान राखून सांगतो की मधला आकडा धरणे म्हणजे तीन ठोकताळ्यांतला एक उचलणे होय, आणि तो बरोबर निघाला तरी तो योगायोग असेल.

टन हे इथे वजन नव्हे. अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या वेगाने उष्णता काढून टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन, आणि किलोवॅटमध्ये सांगायचे तर साडेतीन. तेव्हा आधी सभागृहात उष्णता कुठून आणि किती येते हे पाहावे लागते; या क्षेत्रातली मंडळी त्याला ‘हीट लोड काढणे’ म्हणतात. आपल्या सभागृहापुरता तो मी कागदावर ढोबळ काढून पाहिला, तो इथे देतो, कारण सल्लागाराचे काम काय असते हे त्यावरून विश्वस्तांना चटकन समजेल. खरेदी मात्र या आकड्यांवर करू नये.

माणूस नुसता बसला असला तरी त्याच्या अंगातून १०० वॅटच्या वर उष्णता बाहेर पडते. लग्नातला माणूस फार वेळ बसत नाही; तो उठतो, भेटतो, पोरांमागे धावतो, म्हणून आपण १३० वॅट धरू. ५०० माणसांचे ६५ किलोवॅट, म्हणजे साडेअठरा टन झाले. या माणसांना श्वासासाठी आणि घामाचा, अत्तरांचा, गजऱ्यांचा दर्प बाहेर जाण्यासाठी ताजी हवा आत घ्यावी लागते. माणशी मिनिटाला साडेसात घनफूट आणि शिवाय क्षेत्रफळापोटी थोडी, असा जो मान्य हिशेब आहे, त्याने ती मिनिटाला ४,००० घनफुटांच्या आसपास येते. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४० अंश असताना एवढी हवा थंड करायला १२-१३ टन लागतील. जुलैत बाहेर तीसच अंश असतात, म्हणून कमी लागतील असे वाटेल. पण तेव्हा हवेत इतके बाष्प असते की त्याचे पाणी करून काढून टाकण्यातच यंत्राची बरीच शक्ती जाते आणि तीच हवा १७-१८ टन मागते. आपल्या कोटेशनांत या ताज्या हवेचा उल्लेख आहे का, हे आज घरी गेल्यावर पाहावे.

मग छप्पर. सभागृह सर्वांत वर असल्यामुळे ६,००० चौरस फुटांचा स्लॅब दिवसभर नाशिकच्या उन्हात तापणार. तो उघडा ठेवला तर एकट्या छपरातून ९-१० टन उष्णता खाली उतरेल. त्यावर दोन इंच चांगले इन्सुलेशन टाकून वर फिकट रंगाच्या फरश्या बसवल्या, तर हा आकडा २ टनांच्या आत येतो. म्हणजे आठ टनांचे यंत्र आणि त्याचे आयुष्यभराचे वीजबिल काही हजार चौरस फूट फोमने वाचते. यंत्र विकणारा माणूस हे आपणहोऊन सांगेल, अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे. दिवे, मंचावरचे फोकस आणि पश्चिमेकडील काच यांचे आणखी ६-७ टन धरले, तर मेमधल्या दुपारी सभागृहाची बेरीज इन्सुलेशनशिवाय ४७ च्या आणि इन्सुलेशनसह ३९ च्या आसपास जाते.

भोजनकक्षाचा हिशेब याहून मजेदार आहे. अक्षता पडल्या की जी माणसे वर बसली होती, तीच माणसे खाली जेवायला येतात. वर ५०० आणि खाली ५०० असे हजार देह धरून जो हिशेब करतो, त्याने यजमानांच्या पाहुण्यांची संख्या परस्पर दुप्पट केली. परंतु याचा फायदा घ्यायचा तर यंत्रणाही तशी हवी. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र डक्टेबल युनिटे, म्हणजे पत्र्याच्या नळ्यांतून (डक्टमधून) थंड हवा सोडणारी यंत्रे बसवली, तर वरची क्षमता खाली नेता येत नाही आणि दोन्हीकडे भरगच्च यंत्रे घ्यावी लागतात. एकच चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे मध्यवर्ती यंत्र बसवून ते थंड पाणी दोन्ही मजल्यांवरच्या कॉइलमध्ये, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यांत फिरवले, तर माणसे जिकडे जातील तिकडे थंडावा पाठवता येतो. त्यातही पाण्यावर थंड होणारा चिलर वीज कमी खातो पण रोज पाणी पितो, हवेवर थंड होणाऱ्याचे उलट. आपल्याकडे बोअरचे पाणी किती आहे आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, यावर हा निर्णय ठरेल. जो फक्त डक्टेबल युनिटे विकतो, त्याच्या फुकट डिझाइनमध्ये चिलर येणार नाही, आणि जो चिलर विकतो, त्याच्या डिझाइनमध्ये दुसरे काही येणार नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, हेही कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही. पाण्यातून हवा खेचून ती थंड करणारी यंत्रणा, म्हणजे आपल्या घरच्या कूलरचेच मोठे भावंड, या दिवसांत स्वयंपाकघराला आणि कदाचित भोजनकक्षालाही कमी विजेत पुरी पडू शकते. पावसाळ्यात मात्र ती निरुपयोगी ठरते. म्हणून सभागृह वर्षाच्या कोणत्या दिवसांत भाड्याने जाणार, हे सल्लागाराने आपल्याला विचारलेच पाहिजे. चातुर्मासात पूर्वी मुहूर्त नसत. अलीकडे आपत्कालीन मुहूर्तांवर कार्ये होतात, साखरपुडे, वाढदिवस आणि संस्थांच्या सभाही होतात. जुलैची ५०० माणसे धरायची की ३००, हा तांत्रिक प्रश्न वाटत असला तरी त्याचे उत्तर आपल्या बुकिंगच्या वहीत आणि पंचांगात आहे. माझ्या मते, जो सल्लागार पहिल्याच बैठकीत हे विचारतो, त्याला दुसऱ्या बैठकीला बोलवावे.

आता, ‘लागले तर लागले, ११० टनच घेऊन टाकू’ हा विचारही विश्वस्तांपैकी कोणाच्या तरी मनात येणारच. वातानुकूलनात जास्त म्हणजे चांगले असे होत नाही. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट थंड करते आणि बंद पडते. हवेतले बाष्प काढायला त्याला वेळच मिळत नाही, त्यामुळे पावसाळ्यात गारठलेले पण दमट, अंगाला चिकटणारे सभागृह तयार होते. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तीच मुळी दमटपणाने कागद फुगतो म्हणून. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात बाष्प आवरण्यातून झाली, ही गोष्ट विक्रेते सोयीस्करपणे विसरतात. शिवाय टनाला साधारण एक ते सव्वा किलोवॅट वीज लागते. ११० टनांसाठी ट्रान्सफॉर्मर, केबल, जनरेटर सगळेच मोठे घ्यावे लागेल, आणि महावितरणचा मागणी आकार, म्हणजे मंजूर क्षमतेपोटीचे शुल्क, कार्य असो वा नसो दरमहा भरावा लागेल. १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांची एकूण क्षमता) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) ओलांडणाऱ्या व्यावसायिक इमारती केंद्र सरकारच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या कक्षेत येतात, तेव्हा आपली इमारत त्या रेषेच्या अलीकडे राहते की पलीकडे जाते, हे वास्तुविशारदांनी आत्ताच तपासून घेणे बरे.

फुकट डिझाइनबद्दल माझे मत थोडे कडवट आहे आणि त्याला कारण आहे. अनेक वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात ८० आसनांचे प्रशिक्षण सभागृह बांधले गेले, तेव्हा खरेदी समितीत मीही होतो. यंत्रे विक्रेत्याने सुचवली, नकाशा त्यानेच काढला, दर सर्वांत कमी होता आणि आम्ही सही करून मोकळे झालो. जेवणानंतरच्या तासाला निम्मे लोक डुलक्या घेऊ लागले. आम्ही दोन वर्षे प्रशिक्षकांना नावे ठेवली, चहाची वेळ अलीकडे आणली, खुर्च्या बदलल्या. शेवटी कोणीतरी कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर आणला, तेव्हा आतला आकडा बाहेरच्या पाचसहा पट निघाला. त्या नकाशात बाहेरची हवा आत यायला वाटच ठेवलेली नव्हती; तीच हवा दिवसभर गार होऊन फिरत होती. मग भिंत फोडावी लागली, आणि जिथे फोडायची तिथे नेमका बीम आला. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही. आम्ही त्याच्याकडे थंडावा मागितला होता, त्याने थंडावा दिला. हवेचा विचार करायला आम्ही कोणाला नेमलेच नव्हते.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे : आपल्याला असा सल्लागार हवा, ज्याला संस्था मानधन देते आणि जो कोणतेही यंत्र विकत नाही. तो हिशेब करील, आराखडा काढील, आणि मग त्याच आराखड्यावर, त्याच बीओक्यूवर, म्हणजे कामाच्या व सामानाच्या परिमाणांच्या यादीवर, हे तिन्ही विक्रेते आणि आणखी दोनचार जण दर भरतील. ११० टनवाल्या नातेवाइकांचा पेचही यातच सुटतो, कारण ते बाहेर जात नाहीत, फक्त सर्वांच्या रांगेत उभे राहतात. त्या विश्वस्तांनी दर उघडण्याच्या बैठकीत बसू नये आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी, एवढे पथ्य पाळले तर घरातला संबंधही टिकेल.

आता जाणकार कसा ओळखावा, यात एक अडचण आहे. आपल्या देशात वास्तुविशारद होण्यासाठी १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी लागते, विजेचे काम करणाऱ्या ठेकेदाराला शासनाचा परवाना लागतो, पण वातानुकूलनाचा सल्लागार म्हणून व्यवसाय करायला असा कोणताही परवाना लागत नाही. कार्डावर काहीही छापता येते. म्हणून कार्डापेक्षा कामे पाहावीत. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका हवी आणि त्यानंतरची काही वर्षे स्वतः हीट लोड काढण्यात आणि डक्टचे नकाशे करण्यात गेलेली असावीत. ‘इश्रे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९८१ पासून काम करणाऱ्या भारतीय वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचे सदस्यत्व असणे ही चांगली खूण आहे, मात्र ती पुरेशी समजू नये. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा तो उत्तीर्ण असेल तर उत्तमच, कारण ती परीक्षा सोपी नाही.

एक मोलाची सूचना करतो. सल्लागाराने आखलेले आणि किमान दोन उन्हाळे चाललेले एखादे सभागृह पाहायला जावे, तेही भर दुपारी आणि कार्य सुरू असताना. मालकाशी बोलण्यापेक्षा तिथल्या इलेक्ट्रिशियनशी बोलावे. मालक आपली चूक कबूल करीत नाही, इलेक्ट्रिशियनला रोज शिव्या खाव्या लागत असल्याने तो मोकळेपणाने बोलतो. कोणते यंत्र बंद ठेवतात, आवाज कुठे येतो, पाणी कुठून गळते, हे त्याच्या तोंडी असते.

मी एकदा अशाच भेटीत मंचाजवळची, जमिनीलगत असलेली परतीच्या हवेची जाळी उघडून पाहिली होती. मागचा फिल्टर अक्षतांनी भरला होता. तांदूळ, हळदकुंकू, चुरगळलेल्या पाकळ्या यांचा बोटभर थर जमला होता आणि हवा जायला वाटच उरली नव्हती. वर यंत्र जीव तोडून चालत होते आणि खाली वधूपिता घामाने निथळत होते. आखणाऱ्याने उपाहारगृहे आणि कार्यालये कितीही केली असतील, पण मंगल कार्यालयात काय घडते हे त्याने पाहिले नव्हते.

म्हणून आपल्या उमेदवारांना लाजाहोमाबद्दल विचारावे. बंद, वातानुकूलित सभागृहात होम पेटला की धूर कुठे जाणार? मंडपाच्या जागेवर स्वतंत्र एक्झॉस्ट हवा, तो चालू असताना तेवढीच हवा दुसरीकडून आत यायला हवी, आणि धुराचे डिटेक्टर अशा रीतीने लावायला हवेत की सप्तपदीच्या वेळी अग्निशमनाचा भोंगा वाजू नये, पण खरी आग लागली तर वाजावा. मजल्यांमधून जाणाऱ्या डक्टला आगीच्या वेळी आपोआप मिटणारी झडप लागते आणि हवा फिरवणारी यंत्रे बंद व्हावी लागतात. हे सगळे २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे आणि महापालिकेच्या अग्निशमन विभागाच्या ना-हरकतीशी त्याचा संबंध येतो. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराचेही तसेच. तिथले धुराड्याचे पंखे जितकी हवा बाहेर फेकतील, तितकी त्यांना स्वतंत्रपणे मिळाली नाही, तर ते भोजनकक्षातली थंड हवा ओढून बाहेर टाकतील आणि आपण पैसे देऊन गॅसच्या शेगड्यांना वारा घालत राहाल. फोडणीचा ठसका जिन्यातून वर मंगलाष्टकांपर्यंत पोहोचतो, तोही हवेच्या अशाच बिघडलेल्या हिशेबामुळे. या प्रश्नांवर जो ‘ते नंतर साइटवर बघू’ म्हणतो, त्याचे आभार मानून त्याला निरोप द्यावा.

नाशिकमध्ये चांगले सल्लागार आहेत, मुंबई-पुण्याहूनही येतात. बाहेरचा माणूस नेमायला माझी हरकत नाही, फक्त त्याने मुंबईच्या दमट हवेचा जुना आराखडा नाव बदलून देऊ नये. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा ६-७ टक्के विरळ आहे. पंख्यांचे कॅटलॉगमधले आकडे समुद्रसपाटीचे असतात, आणि तेवढ्याच घनफूट हवेत इथे थंडावा थोडा कमी वाहून जातो. ही दुरुस्ती त्याच्या हिशेबात दिसते का, हे विचारल्याने त्याला आपल्याकडेही कोणीतरी वाचणारे आहे हे कळेल. प्रत्यक्ष साइटवर किती भेटी देणार, ही संख्या करारात लिहून घ्यावी. आमच्याकडच्या अनेक द्राक्षबागायतदारांना शीतगृहे बांधून देणारी मंडळीही अशा कामांसाठी पुढे येतात. ती आपल्या कामात वाकबगार असतात, पण द्राक्षांना ताजी हवा, गप्पा आणि लाउडस्पीकर लागत नाहीत.

काय करून घ्यावे, याचे उत्तर थोडक्यात देतो. प्रथम दोनचार पानांचा एक आधार-अहवाल घ्यावा, ज्यात बाहेरचे व आतले तापमान, माणसांची संख्या, ताजी हवा आणि आवाजाची मर्यादा यांची गृहीतके मराठीत किंवा इंग्रजीत पण समजेल अशा भाषेत लिहिलेली असतील. विश्वस्तांनी त्यावर सही करावी, कारण पुढे वाद झाला तर तो या कागदावरच मिटतो. त्यानंतर प्रत्येक दालनाचे हीट लोड, ज्याला या क्षेत्रात ‘ई-२० शीट’ म्हणतात, निदान दोन पर्यायी यंत्रणांची दहापंधरा वर्षांच्या वीजबिलासह तुलना, नकाशे, बीओक्यू, निविदांची छाननी, देखरेख, आणि काम संपल्यावर प्रत्यक्षात जसे झाले तसे नकाशे. यंत्रात कोणता वायू असेल हेही त्या तुलनेत असावे, कारण आर-२२ सारखे जुने वायू मॉन्ट्रियल कराराखाली हद्दपार होत आहेत आणि आर-३२ सारखे नवे काहीसे ज्वलनशील असल्यामुळे झोपायच्या खोल्यांत त्यांचे नळ नेताना काळजी घ्यावी लागते.

मानधन ठोक ठरवावे. कामाच्या खर्चाच्या टक्केवारीने ठरवले, तर यंत्रणा महाग होईल तसे सल्लागाराचे मानधन वाढते. तो प्रामाणिक असला तरी त्याला अशा मोहात कशाला पाडायचे? रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी, आणि कोणत्याही उत्पादकाकडून वा विक्रेत्याकडून कमिशन घेणार नाही, असे त्याने लिहून द्यावे. करार वास्तुविशारदांमार्फत न करता संस्थेने थेट करावा. समन्वय वास्तुविशारदांनीच करायचा आहे, पण सल्लागाराचे तोंड संस्थेकडे असावे.

आता जे खरोखर तातडीचे आहे ते सांगतो. आपला पहिला स्लॅब महिन्याभरात पडणार आहे. डक्ट आणि पाइप वर नेण्यासाठी शाफ्ट, म्हणजे उभी पोकळी, कुठून जाणार, बीममधून कुठे स्लीव्ह, म्हणजे आरपार जाणारे पाइपचे तुकडे सोडायचे, बीमखाली डक्ट आणि त्याखाली फॉल्स सीलिंग घेतल्यावर भोजनकक्षाची उंची किती उरणार, गच्चीवर यंत्रांचे वजन कोणत्या खांबांवर येणार, हे सारे स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब पडण्यापूर्वी कळले पाहिजे. सळया बांधून झाल्यावर एक पाइप सरकवणे हे दहा मिनिटांचे काम असते. काँक्रीट पडल्यावर त्याच जागी भोक पाडायला कोअर कटिंगवाला बोलवावा लागतो आणि सळई कापली तर इंजिनिअर हात वर करतो. सल्लागार निवडायला वेळ लागणार असेल, तर निदान हा टप्पा त्याच्याकडून वेगळा, लगेच करून घ्यावा. स्लॅब दोन आठवडे पुढे गेला तरी सिंहस्थ चुकणार नाही.

आपण पत्रात फक्त थंडाव्याबद्दल विचारले आहे, परंतु डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि पाथर्डीसारख्या मोकळ्या भागात तर हुडहुडी भरते. सभागृह तापवायची फारशी गरज पडणार नाही, ५०० माणसे ते स्वतःच तापवतात. प्रश्न आहे खोल्यांतल्या गरम पाण्याचा. २४ खोल्यांत दोन किलोवॅटचा एकेक गिझर बसवला आणि सकाळच्या मुहूर्तासाठी सगळे वऱ्हाड पहाटे पाचला उठले, तर ४८ किलोवॅट एकदम चालू होतील. त्याऐवजी गच्चीवर सौरबंब आणि जोडीला हीट पंप असा विचार करता येतो. हीट पंप एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात घालतो, आणि चिलर आलाच तर त्याची वाया जाणारी उष्णताही पाण्यासाठी वळवता येते. हे गणितही त्याच सल्लागाराला घालावे. प्लंबरवर सोडू नये.

शेवटचे देयक देताना घाई करू नये. इमारत समजा डिसेंबरमध्ये पूर्ण झाली, तर रिकाम्या सभागृहात थंडगार वाटणारच, त्यात यंत्राचे काय कौतुक? हप्त्याची काही रक्कम पहिला मे आणि पहिला जुलै उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट निविदेतच घालावी. हस्तांतराच्या दिवशी सल्लागाराने प्रत्येक ग्रिलखाली मोजयंत्र धरून हवेचा वेग मोजावा, कागदावर नोंदवावा, आणि संस्थेच्या एका माणसाने सोबत शिडी धरून उभे राहावे. तो माणूस आपणच असाल तर बरे, खजिनदाराने मोजलेली हवा कोणी नाकारत नाही.

आणि पंखे ठेवावेत. आपला प्रश्न भाबडा मुळीच नाही. पंख्याने हवा थंड होत नाही, पण अंगावरून वारा गेला की दोनेक अंश अधिक तापमानही सुखावह वाटते, म्हणजे २४ ऐवजी २६ वर यंत्र ठेवता येते. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. शिवाय वीस-पंचवीस माणसांची सभा असेल, तेव्हा यंत्र सुरू न करता नुसत्या पंख्यांवर भागेल. फक्त मंडपाच्या बरोबर वरचा पंखा स्वतंत्र बटणावर घ्यावा, नाहीतर होमातली राख थेट आंतरपाटावर येईल.